मोटर वाढवली

१

रविवारी सकाळी करमाडच्या मळ्यात, पन्नासेक शेतकऱ्यांच्या देखत, एक जपानी बाई अचानक मराठवाडी बोलायला लागली आणि शंतनू सेलूकरच्या कंपनीची अब्रू पाटाच्या पाण्यात वाहून गेली.

बाई म्हणजे बाई नव्हे, मशीन. शंतनूची ‘मितोमिता’ ही कंपनी चिकलठाण्यात विहिरीवरच्या मोटरीला जोडायचा एक डबा बनवते. घरून डब्याला फोन लावला की मोटर चालू, परत लावला की बंद. वीज आली की डबा आपण होऊन मालकाला फोन करून कळवतो. असे डबे बाजारात पैशाला पासरी मिळतात. म्हणून शंतनूनं आपल्या डब्याला जपानी सोंग चढवलं होतं. त्याचा डबा मालकाचं नाव घेऊन बोलायचा, आणि अशा मराठीत बोलायचा की वाटावं, टोकियोची कुणी बाई नुकतीच मराठी शिकून आलीय. “नाना-साहेब, नमस्कार. मी मितोमिता. आपली मोतार सुरू झाली आहे.”

हे नानासाहेब म्हणजे नानासाहेब औताडे, मोंढ्यातले मोटर-पाईपचे बडे दुकानदार. डबा त्यांना पटला तर जिल्हाभर विकायला ते घेणार होते. आठवडाभर तो त्यांच्याच मळ्यात चालवून पाहिला होता. रविवारी गावोगावचे शेतकरी बोलावले, डब्याला मोठा कर्णा जोडला आणि नानासाहेबांनी ऐटीत फोन लावला.

कर्ण्यातून आवाज आला, “अहो, ऐकलं का? लागली बरं मोटर.”

शेतकऱ्यांनी आधी मागं वळून बायका कुठं आहेत ते पाहिलं. मग हशा पिकला. नानासाहेबांनी घाईघाईनं मोटर बंद करायला परत फोन लावला. कर्णा म्हणाला, “अहो, मोटर वाढवली. या आता जेवायला.”

“वाढवली?” शंतनू किंचाळला. “बंद करायची होती, वाढवली कुणी? पळा, पाईप फुटेल!” तो पळाला, त्याच्या मागं कंपनीचा विक्रेता माऊली पळाला, आणि दोघंही घसरून पाटात पडले. मोटर मघाशीच मुकाट्यानं बंद झाली होती, हे त्यांना चिखलातून उठल्यावर कळलं.

२

सोमवारी सकाळी पुंडलिकनगरातल्या घरी मृण्मयी हे सगळं आपल्या मावशीला सांगत होती. सांगता सांगता तिला आधी हसू आलं आणि मग रडू फुटलं.

मृण्मयी पाठक कंपनीच्या जाहिराती लिहायची. मावशी म्हणजे नीरजाताई चौसाळकर, रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमाच्या निवृत्त निवेदिका. आयुष्यभर त्यांनी शुद्ध, ठसठशीत मराठीत सोयाबीनवरच्या अळीची माहिती दिली. ‘मी तुझी मदत केली’ असं कुणी म्हणालं की ‘तुला मदत केली!’ म्हणून रस्त्यात थांबवून सुधारायच्या.

“शंतनू सर म्हणतात, हे मीच केलं,” मृण्मयी नाक पुसत म्हणाली. “कारण मीटिंगमध्ये दर वेळी मीच भांडायचे ना, की जपान-जपान करू नका म्हणून. संध्याकाळी नानासाहेब शेवटचं सांगायला ऑफिसात येणारेत. तोवर कुणी केलं ते कळलं नाही, तर मला उद्यापासून येऊ नकोस म्हणालेत.”

“मग दुसरी नोकरी बघ.”

“इथं कुठं आहे, मावशी? पुण्याला जावं लागेल.”

नीरजाताईंच्या हातातला पोह्यांचा झारा थांबला. बहीण गेल्यापासून ही पोर त्यांनीच वाढवली होती. ती पुण्याला गेली की या घरात बोलायला भिंती उरणार. असं काही मनात आलं की त्या चिडायच्या.

“रडू नकोस! पोहे खा. चोर मी शोधते.”

“तू?”

“का? माझाच आवाज चोरीला गेलाय!”

हे मात्र खरं होतं, आणि जगात फक्त तिघांना माहीत होतं. ती टोकियोची बाई नीरजाताईच होत्या. मृण्मयीची नोकरी नवी, सेलूकरला आवाज हवा, म्हणून भाचीच्या मायेपोटी त्यांनी छातीवर दगड ठेवून ‘मोतार’ म्हटलं होतं. कुणाला सांगायचं नाही, या अटीवर. रेकॉर्डिंग झाल्यावर घरी येऊन त्यांनी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या होत्या.

३

चिकलठाण्याच्या ऑफिसात दारावरच भला मोठा लाल गोळा होता. आत प्लास्टिकचं बुटकं झाड, आणि येणाऱ्याला कमरेत वाकून नमस्कार करायचा असा फतवा.

“मी म्हणतच होतो, शत्रू घरातलाच आहे,” शंतनू म्हणाला. त्याच्या कोपराला पट्टी होती.

“कंपनीत जपानचं काय काय आहे?” नीरजाताईंनी विचारलं.

“तसं आम्ही कुठंच लिहिलेलं नाही हं, जपानची म्हणून. नुसता लाल गोळा आहे. बाकी लोक समजून घेतात.”

“स्क्रू राजकोटचे,” कोपऱ्यातून शिवराज कोरडे म्हणाला. हा कंपनीचा इंजिनिअर, डबा ज्याच्या डोक्यातून निघाला तो. “चिप चीनची. डबा वाळूजला होतो. नाव आमच्या गावाचं. मी मिटमिट्याचा ना. पहिला डबा माझ्याच गोठ्यात बनला.”

“शिवराज!” शंतनू दबक्या आवाजात ओरडला.

नीरजाताईंना ठसका लागला. मिटमिटा! वेरूळच्या रस्त्यावरचं मिटमिटा! त्याला ‘ओ’ची फोडणी दिली की झालं मितोमिता.

“ताई, तुम्ही हसा,” शंतनू दुखावून म्हणाला. “पण मिटमिट्याची मशीन म्हटलं की लोक भाव पाडून मागतात. जपान म्हटलं की डोळे झाकून घेतात.”

“आणि बिघडली की डोळे उघडतात,” मृण्मयी म्हणाली. “शेतकरी पहिलं काय विचारतो, सर? बिघडली तर कुठं आणायची. जपानला आणायची का?”

भांडण पुन्हा पेटायच्या आत नीरजाताईंनी शिवराजला बाजूला घेतलं. “आवाज बदलायला काय लागतं?”

शिवराजनं कान खाजवला. “पासवर्ड लागायचा. पण आमच्या वडिलांनी तीनदा विसरला अन् मला शेतातून शिव्या दिल्या. मग मी काढूनच टाकला. आता फोनवर नऊ दाबायचं, पहिल्या बीपला चालूचं बोलायचं, दुसऱ्याला बंदचं. डब्याचा नंबर डब्यावरच चिकटवलाय. कुठूनही बदलता येतं.”

“हे सेलूकरांना सांगितलंस?”

“नाय. लई ओरडतील.”

म्हणजे आवाज कुणीही बदलला असेल. आवाज बाईचा होता, पण डब्याचा कर्णा असा पत्र्याचा, की त्यात लता काय नि लोहार काय, सारखेच. नीरजाताईंनी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. आवाजावरून काही कळेना. पण माणूस आवाज बदलतो, जिभेवरचे शब्द बदलत नाही, हे त्यांना रेडिओनं शिकवलं होतं. त्यांनी डोळे मिटून नुसते शब्द ऐकले. ‘अहो, ऐकलं का.’ ‘मोटर वाढवली.’

हिशेब ठेवायला शंतनूची बायको श्रेया बसायची. लाल गोळ्याची कल्पना तिचीच. तिच्याशी बोलायला गेल्या, तेवढ्यात ती आतूनच ओरडली, “शंतनू! ए शंतनू, तुझी पट्टी सुटलीय बघ!” नीरजाताई तिथूनच परत फिरल्या.

राहिला माऊली. गणपतीच्या नाटकात दर वर्षी बाईचं काम हाच करायचा, आणि आवाज असा काढायचा की प्रेक्षकांतली म्हातारी माणसं सावरून बसायची.

“माऊली, नवऱ्याला हाक मारणारी बायको करून दाखव बघू.”

माऊलीनं लगेच पदर घेतल्यासारखा हात केला. “अवो धनी! अवो कारभारी, ऐकताय न्हवं?”

“शाब्बास,” नीरजाताई म्हणाल्या आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागल्या.

“म्हणजे माऊलीच?” मृण्मयीनं घाईनं विचारलं.

“छट्! तुझ्या ओळखीची एक तरी खरी बायको नवऱ्याला धनी म्हणते का? नाटकातल्या म्हणतात. कर्ण्यातली बाई नाटकातली नाही, घरातली आहे. पण कुणाच्या घरातली?”

४

मोंढ्यातल्या दुकानात नानासाहेब पाईपांच्या ढिगाऱ्यात बसले होते आणि अजून धुमसत होते.

“लई बेइज्जती झाली, ताई. सगळा तालुका मला ‘अहो ऐकलं का’ म्हणून आवाज देतोय. सकाळी चहावाला बी म्हणला! ही जपानी मशीन मला नाय पाहिजे. संध्याकाळी जातो अन् त्या सेलूकराच्या तोंडावर मारतो.” मग ते थबकले आणि डोळे बारीक करून पाहायला लागले. “तुमचा आवाज कुठं तरी ऐकल्यावानी वाटतोय.”

“रेडिओवर,” नीरजाताई घाईनं म्हणाल्या. “सोयाबीनवरची अळी.”

“व्हय व्हय! अळीवाल्या ताई!” नानासाहेब खुलले. “लई नीट सांगायचा तुम्ही.”

“मशीन आठवडाभर तुमच्या मळ्यात होती. तेव्हा कशी बोलायची?”

“दिवसा मी लावायचो तेव्हा झकास बोलायची. जपानी. रात्री वीज आली की तीच फोन करायची म्हणे, पण मला नाय माहीत. एकदा डोळा लागला की मला ढोलताशानं बी जाग येत नाय. फोन घरात असतो कुठं तरी वाजत.” त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गड्याला हाक मारली. “सांडू, दुकान वाढव रे. जेवायची वेळ झाली.”

नीरजाताईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला.

‘दुकान वाढव.’ पिढीजात दुकानदार ‘बंद’ हा शब्द उच्चारत नाही. दुकान बंद म्हणजे अभद्र. म्हणून ते वाढवायचं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मोटरीला कुणी ‘वाढवली’ म्हणतं का? ज्याची जीभच वर्षानुवर्षं ‘बंद’ म्हणायची विसरली असेल, तेच माणूस म्हणेल.

“नानासाहेब, दुकानावर तुमच्याशिवाय कोण बसतं?”

“आता कुणी नाय. पण पोरं लहान व्हती तवा मी गावोगाव मोटरी बसवत हिंडायचो. दुकान मालकिणीनंच चालवलं. माझ्यापेक्षा चांगलं.” त्यांनी वरच्या मजल्याकडं बोट केलं. “वरच हाय ती, सरूबाई म्हणून हाक मारा. चहा घेऊन जा. मी जाधववाडीला एक चक्कर मारून येतो, मग जेवतो.”

नीरजाताई जिना चढल्या. दार उघडंच होतं. ठसठशीत कुंकू लावलेली, साठीच्या घरातली एक बाई शेंगा फोडत बसली होती. ओट्यावर चार्जरला लावलेला फोन होता. लागलेली धाप आवरून नीरजाताईंनी जमेल तितक्या गोड आवाजात म्हटलं,

“नमस्कार. सरूबाई ना आपण?”

सरूबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. त्या ताडकन उठल्या.

“हाच!” त्या कडाडल्या. “हाच आवाज! तूच ती भवानी!”

५

पुढची काही मिनिटं नीरजाताईंच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड होती. आयुष्यभर अळीबद्दल बोललेल्या बाईवर कुणी असा आळ घेईल, असं त्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

“रोज मध्यरात्री फोन!” सरूबाईंचं तोंड सुटलं होतं. “ह्ये घोरत पडल्यालं. मी उचलला, तर ही लाडानं म्हणती, ‘नाना-साहेब, जागे आहात ना?’ मी म्हणलं, कोण गं तू? तर फट् दिशी ठेवला!”

“अहो, मी मशीन आहे!” नीरजाताई कळवळून म्हणाल्या. “म्हणजे मशीनमध्ये आहे. वीज आली की मशीन तशी बोलते.”

“त्ये कळलं मला नंतर. सूनबाईनं सांगितलं, जपानची मशीन हाय, माणूस नाय.”

“मग?”

सरूबाई खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. राग उतरला होता, आणि त्याच्या खाली जे होतं ते वर आलं होतं.

“मशीन असली म्हणून काय झालं, ताई? नाव घेती ना. माझ्या तोंडून आजवर त्यांचं नाव निघालं नाय. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. अन् ही कुठली कोण, रोज रात्री नाव घेऊन उठवती. मला नाय सहन झालं. शनिवारी परत फोन आला. ती म्हणली, आवाज बदलायला नऊ दाबा. मी दाबलं. मला वाटलं, आपलंच माणूस आपल्या माणसाशी बोलंल. चार लोकांत कर्णा लावून वाजवतील, हे मला कुठं ठाऊक?”

नीरजाताईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून त्यांनी मूठभर शेंगा ओढून फोडायला घेतल्या.

“आणि नानासाहेबांनी तुमचा आवाज ओळखला नाही?”

“त्ये कशाला वळखतील?” सरूबाई म्हणाल्या. “माझं ऐकून न ऐकल्यावानी करायची सवय हाय त्यांना.”

नीरजाताईंनी मृण्मयीचं सांगितलं. संध्याकाळी चोर मिळाला नाही, तर पोरगी पुण्याला जाईल, घर रिकामं होईल, हेही सांगितलं. सरूबाईंचा चेहरा पडला.

“माझ्यापायी पोरीची नोकरी नको जायला. पण माझं नाव सांगितलं तर ह्यांची आणखी शोभा व्हईल. अन् एक सांगू? ती कंपनी जपानची कशी? माझं माहेर मिटमिट्याचं हाय. मितोमिता म्हणं! कोरड्यांच्या गोठ्यात पहिली मशीन बनली, हे आमच्या सगळ्या आळीला ठाऊक. आपल्या गावची म्हणून सांगायला लाज वाटती व्हय त्या कंपनीवाल्यांना?”

नीरजाताईंनी शेंगांची टरफलं गोळा केली. मग पर्समधून मोबाइल काढला, डब्याचा नंबर लावला, नऊ दाबलं आणि फोन सरूबाईंपुढं धरला.

“तुमचं नाव मी घेत नाही. पण तुम्ही त्यांचं घ्या. लग्नात जसं घेतलंत, तसंच.”

सरूबाई फोनकडं बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

६

संध्याकाळी ऑफिसात सगळे जमले. पाण्याच्या टाकीवर एक छोटी मोटर बसवली होती आणि तिला तोच डबा जोडला होता. नानासाहेब टोपी मांडीवर आपटत बसले होते. शंतनू मृण्मयीकडं बघत नव्हता.

“मला चोराचं नाव पाहिजे,” शंतनू म्हणाला.

“नाव मिळेल,” नीरजाताई म्हणाल्या. “आधी चोर कोण नाही ते ऐका. तुमची मिसेस नाही, कारण ती तुम्हाला अरे-तुरे करते. ‘अहो, ऐकलं का’ असं तिच्या तोंडात येणारच नाही. माऊली नाही. तो बायको झाला की ‘धनी’ म्हणतो. मृण्मयी नाही. माझी भाची म्हणून नव्हे. तिनं तुमच्या मशीनच्या सगळ्या ओळी लिहिल्या, त्यात प्रत्येक ठिकाणी ‘बंद झाली’ आहे. या बाईनं ‘वाढवली’ म्हटलं. दुकान वाढवतात तशी.”

नानासाहेबांची टोपी आपटायची थांबली.

“आणि मुख्य म्हणजे, मूळ मशीन ‘नानासाहेब’ असं नाव घ्यायची. नव्या आवाजानं नाव गाळलं. चुकून नाही, ठरवून. नाव घ्यायचं नाही, हाक तर मारायची. मग उरलं काय? ‘अहो.’ म्हणजे बाई अशी की…”

“ताई,” नानासाहेब खाकरले. त्यांचा चेहरा तांबूस झाला होता. “पुढं बोलू नका.”

“मी कशाला बोलू? मशीनच बोलेल. लावा फोन.”

नानासाहेबांनी फोन लावला. मोटर घरघरली, आणि पत्र्याच्या कर्ण्यातून आवाज आला, सावकाश, जरा लाजत:

“मोंढ्यात दुकान, करमाडला मळा,
नानासाहेबांचं नाव घ्यायला मोकळा केला गळा.
लागली बरं मोटर.”

टाकीत पाणी पडत राहिलं. नानासाहेबांनी परत फोन लावला, मोटर थांबली. परत लावला, मोटर लागली, उखाणा वाजला. परत थांबवली. परत लावली.

“नानासाहेब,” शिवराज घाबरून म्हणाला, “अशी चालू-बंद केली तर मोटर जळंल.”

“जळू दे की,” नानासाहेब म्हणाले. “माझ्या दुकानात लई हाईत.”

“पण चोर?” शंतनूनं विचारलं.

“कोण चोर? माझ्या घरात चोर नाय!” नानासाहेब गरजले आणि मग एकदम खाली आले. “सेलूकर, रविवारी हसून झाल्यावर पन्नासातल्या निम्म्यांनी मला विचारलं, ती बोलणारी कुठं मिळंल म्हणून. मी रागात सांगितलंच नाय. जपानी मशीन मी विकणार नाय. ही देत असाल, तर जिल्हा माझ्याकडं.”

शंतनूनं दारावरच्या लाल गोळ्याकडं पाहिलं, कोपराच्या पट्टीकडं पाहिलं, आणि शेवटी मृण्मयीकडं. “जाहिरातीत काय लिहू या म्हणतेस?”

“‘मिटमिट्याची आहे. बिघडली तर घेऊन या, इथंच आहोत.’”

“उद्या किती वाजता येशील?”

“रोजच्याच वेळेला,” मृण्मयी म्हणाली, आणि मावशीचा हात घट्ट धरला. नीरजाताईंनी चिडल्यासारखं तोंड केलं, पण हात सोडवून घेतला नाही.

नानासाहेबांचं अजून झालं नव्हतं. सगळे आवराआवर करत होते, तेव्हा त्यांनी मोटर बंद करायला शेवटचा फोन लावला. घरघर थांबली आणि कर्णा म्हणाला,

“अहो, मोटर वाढवली. या आता जेवायला.”

“आलो आलो,” नानासाहेब कर्ण्याला म्हणाले, टोपी डोक्यावर चढवली आणि कुणाचा निरोप न घेता घरी निघाले.